उत्तरेकडे उघडणारं दार

शनिवारी सकाळी काकांच्या गॅरेजचं दार वर गेलं की रस्त्यावरच्या गाड्या हळू व्हायच्या. फ्रीमाँटमध्ये शनिवारी उघडं गॅरेज आणि आत टेबलावर मांडलेल्या वस्तू दिसल्या, की बघणारा एकच अर्थ काढतो: या घरातलं जुनं सामान विकायला निघालंय. लोक उतरून सरळ आत यायचे. टेबलावर एक पितळी तांब्या, दोन कांदे, चुरगळलेला टॉवेल आणि दुधाचा रिकामा गॅलन. त्यासमोर स्टुलावर पन्नाशीचा एक माणूस, इस्त्रीचा फुल शर्ट, मनगटापर्यंत बटणं लावलेली, मांडीवर ड्रॉइंग बोर्ड. एकदा एका गोऱ्या आजोबांनी तांब्याला हात घातला तेव्हा काका दचकून ओरडलेच. आजोबांनी किंमत विचारली. काका म्हणाले, विकायचा नाही, तो माझ्यासाठी बसलाय. कधीपासून बसलाय, असं आजोबांनी विचारलं. सहा आठवडे, काका म्हणाले. आजोबांनी तांब्याकडे जरा आदरानं पाहिलं आणि ते निघून गेले. काकांची मुलगी तेव्हा हायस्कूलमध्ये होती. ती जिन्यातून हे सगळं बघायची आणि आईला म्हणायची, "मॉम, दे थिंक वी आर सेलिंग द अनियन्स."

मी त्या घरात वरच्या मजल्यावरच्या मागच्या खोलीत दोन वर्षं भाड्यानं राहिलो. मी नागपूरहून परदेशात नवा आलेलो, सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये, गाडी घेतलेली नव्हती आणि स्वयंपाक येत नव्हता. काका चिप बनवणाऱ्या एका कंपनीत होते. दुसऱ्यांनी केलेल्या डिझाइनमधल्या चुका शोधणं हे त्यांचं काम, आणि ते त्यात फार चांगले होते असं त्यांचे सहकारीच सांगायचे. काकू एका दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला होत्या. खोली बघायला गेलो तेव्हा भाडं, किल्ली, फ्रिजमधला कप्पा यातलं काहीही बोलण्याआधी काकांनी मला विचारलं, "इंटरमीजिएट दिलीयस का?"

मी म्हणालो, काका, मी बी. ई. आहे. ते म्हणाले, ते काय, सगळेच असतात.

त्यांना चित्रकलेची इंटरमीजिएट म्हणायची होती. आपल्याकडे शाळेत चित्रकलेच्या दोन सरकारी परीक्षा असतात, एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट. बहुतेकांनी त्यातली एखादी आईच्या आग्रहाखातर दिलेली असते आणि पाण्यात बुडालेला ब्रश सोडला तर त्यातलं काही लक्षात राहिलेलं नसतं. काकांना सांगलीत असताना इंटरमीजिएटला ए ग्रेड मिळाली होती. आयुष्यात त्यांना पुढे बऱ्याच पदव्या मिळाल्या, पण त्यांचा उल्लेख त्यांच्या तोंडून मी कधी ऐकला नाही. ए ग्रेडचा मात्र ऐकला, तोही दर आठवड्याला.

त्या परीक्षेत एक पेपर असतो वस्तुचित्राचा. समोर चार वस्तू मांडलेल्या असतात, त्या बघून काढायच्या. दुसरा असतो स्मरणचित्राचा. त्यात बाजार, पाणपोई, मारुतीचं देऊळ असं काहीतरी आठवून काढायचं. काका वस्तुचित्राच्या बाजूचे होते, आणि बाजूचे म्हणजे किती, तर स्मरणचित्र ही त्यांच्या मते शुद्ध थाप होती. समोर वस्तू असली की खोटं बोलता येत नाही, असं ते म्हणायचे. कुणाच्या घरी पॉटलकला, म्हणजे प्रत्येकानं एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, गेलं आणि जेवणानंतर मंडळी आपापल्या गावच्या मिसळीवर, शाळेवर, थंडीवर सुरू झाली, की काका मोठ्यानं जाहीर करायचे, "झालं, स्मरणचित्राचा पेपर सुरू झाला." मग ते यजमानांच्या सिंकवरच्या भांड्यांच्या ढिगाकडे बोट दाखवून म्हणायचे, समोर काय आहे ते बघा ना जरा. यजमानीण बाईंचा चेहरा बघण्यासारखा व्हायचा. काकू घाईघाईनं उठून भांडी घासायला लागायच्या.

इथवर ऐकून कुणाला वाटेल, की बिचाऱ्याला चित्रकार व्हायचं होतं आणि बापानं जबरदस्तीनं इंजिनिअर केलं. मलाही तसंच वाटलं होतं आणि मी तसं हळहळून बोलूनही दाखवलं. काका भडकले. माझ्यावर कुणी अन्याय केलेला नाही, म्हणाले. ड्रॉइंगचे सर घरी आले होते, वडील 'तुझी इच्छा' म्हणाले होते, आणि मलाच नोकरी हवी होती. मला स्कूटर घ्यायची होती. घेतलीही.

पण मनातून ते गेलं नव्हतं. चाळिशी ओलांडल्यावर त्यांनी स्वतःशी एक करार केला होता आणि तो काकूंना, मुलीला, मला, इतकंच काय, गॅस कंपनीच्या माणसालाही माहीत होता. घरात स्टुडिओ करायचा. त्यात बसून एक वस्तुचित्र असं काढायचं, की ज्यात स्वतःला एकही चूक सापडणार नाही. ते झालं, की दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसात राजीनामा द्यायचा आणि उरलेलं आयुष्य चित्रकार म्हणून काढायचं. चूक शोधण्याचाच पगार घेणाऱ्या माणसानं ही अट घातली होती, म्हणजे राजीनामा किती लांब होता ते कळेल.

घर घेतलं तेसुद्धा स्टुडिओसाठी. वस्तुचित्राला उत्तरेचा उजेड लागतो. पूर्व-पश्चिमेचं ऊन सरकतं, त्याबरोबर सावल्या सरकतात, सकाळी काढलेली सावली दुपारी खोटी ठरते. उत्तरेचा उजेड दिवसभर एका जागी बसून राहतो. काका होकायंत्र घेऊन घरं बघत हिंडले. घरं विकणाऱ्या बाईला भारतीय गिऱ्हाइकांची सवय होती. तिनं होकायंत्र पाहिलं आणि उत्साहानं पूर्वेला दार असलेली घरं दाखवायला लागली. काका प्रत्येक घरात गॅरेजमध्ये जाऊन उभे राहायचे आणि नाही म्हणायचे. शेवटी हे टाउनहाउस मिळालं. त्याला धड खिडक्या नव्हत्या, स्वयंपाकघरात एका वेळी एकच माणूस मावायचा, पण गॅरेजचं दार बरोबर उत्तरेला होतं. दार वर केलं की आख्खी भिंतच उजेडाची. अडचण एवढीच, की स्टुडिओ चालवायचा तर दार सताड उघडं ठेवायला हवं. म्हणजे काका चित्र काढत असले की ते आख्ख्या गल्लीला दिसायचे.

त्या गॅरेजचा स्टुडिओ करायला काकांना जेवढा वेळ लागला तेवढ्यात लोकांनी घरं बांधली असती. आधी भिंती. भिंती करड्या हव्यात, म्हणजे वस्तूंवर दुसऱ्या रंगाची झाक पडत नाही. हार्डवेअरच्या दुकानातून त्यांनी करड्या रंगाच्या पट्ट्या आणून भिंतीवर चिकटवल्या आणि कितीतरी शनिवार त्या निरखत बसले. काकूंना आणि मला त्या सगळ्या सारख्याच दिसायच्या. मग छतावरची ट्यूबलाइट. ट्यूबलाइट हा त्यांच्या मते उजेड नव्हेच, ती नुसती अंधार नसल्याची नोटीस. ती त्यांनी काढूनच टाकली, त्यामुळे संध्याकाळनंतर गॅरेजात जाणारा माणूस वॉटर हीटरला धडकल्याशिवाय बाहेर येत नसे. मग जमिनीवर निळी चिकटपट्टी लावून हद्द आखली. हद्दीच्या आत फक्त काका आणि वस्तू. माझी सायकल छताला टांगली गेली. दोन्ही गाड्या कायमच्या बाहेर गेल्या.

घरमालकांच्या संघटनेचे एक गृहस्थ एकदा सौजन्यानं सांगायला आले, की जरुरीपेक्षा जास्त वेळ गॅरेजचं दार उघडं ठेवू नये असा नियम आहे. काकांनी तो नियम त्यांना दोनदा वाचायला लावला आणि म्हणाले, बरोबर आहे, पण माझी जरूर अजून संपलेली नाही. ते गृहस्थ चहा पिऊन गेले आणि पुन्हा आले नाहीत.

खरा झगडा होता तो कपडे धुण्याच्या मशीनशी. तिकडे टाउनहाउसमध्ये वॉशर आणि ड्रायर गॅरेजातच असतात. ड्रायर सुरू झाला की जमीन किंचित थरथरते आणि टेबलावरचा कांदा केसभर सरकतो. मला तो सरकलेला कधी दिसला नाही. काकांना दिसायचा. म्हणून शनिवार-रविवारी घरात कपडे धुवायला बंदी होती. मी बंदी पाळायचो, कारण मी भाडेकरू होतो. काकू पाळत नसत. नियम त्यांचा आहे, मशीन माझं आहे, असं त्या शांतपणे म्हणायच्या आणि टॉवेल घेऊन जिना उतरायच्या.

काकूंच्या अशाच एका शनिवारच्या ड्रायरमुळे काकांचं नाव सगळ्या बे एरियात, म्हणजे आजूबाजूच्या पाचपन्नास गावांत झालं. दोन घरं सोडून एक पुण्याचं जोडपं राहायचं, तिशीच्या आतबाहेरचं. त्यातली मुलगी फिरायला निघाली होती, दार उघडं दिसलं म्हणून थांबली. तिनं सहज विचारलं, काका, हे घर तुम्ही उत्तरेचं मुद्दाम घेतलंत का? काका तांब्यावरची नजर न हलवता म्हणाले, "मुद्दामच. वस्तूला उत्तरेचाच उजेड लागतो. दुसरा चालतच नाही."

ड्रायरच्या घरघरीत तिला ऐकू आलं 'वास्तूला'.

ती मान डोलावून गेली, पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आली आणि आमचंही घर एकदा बघाल का, असं तिनं विचारलं. काकांना वाटलं, चित्र कुठे लावायचं ते विचारतेय. मान मिळतोय म्हटल्यावर ते लगेच निघाले, आणि पोहे मिळतील म्हणून मी. तिच्या पुढच्या खोलीला उत्तरेला छान मोठी खिडकी होती आणि त्या खिडकीसमोर छतापर्यंत खोकी रचलेली होती. टीव्हीचं खोकं, मायक्रोवेव्हचं खोकं, स्टिरिओचं खोकं. भारतात परत जाताना लागतील म्हणून प्रत्येक मराठी घरात जपून ठेवलेली असतात तशी. परत कुणी जात नाही, खोकी मात्र तयार असतात. काका खिडकीसमोर उभे राहिले आणि म्हणाले, घरात अंधार करून ठेवलाय तुम्ही.

एवढ्यावर ती मुलगी रडायलाच लागली. मग तिनं सांगितलं, की नवऱ्याची नोकरी गेली होती. तेव्हा २००३ साल, आमच्यातल्या कित्येकांच्या गेल्या होत्या. पण यानं ते कुणालाच सांगितलं नव्हतं. रोज सकाळी आंघोळ करून, लॅपटॉपची बॅग खांद्याला लावून, गाडी काढून तो निघायचा आणि दिवसभर लायब्ररीत बसायचा, म्हणजे गल्लीतल्या लोकांना कळू नये. व्हिसाचे दिवस संपत चालले होते. तिला विचारायचं होतं, की कुठल्या कोपऱ्यात काय ठेवलं तर नोकरी लागेल.

काकांनी नवऱ्याला वरून खाली बोलावलं. वास्तू वगैरे त्यांच्या डोक्यातही नव्हतं. ते त्याला म्हणाले, "लायब्ररीत कशाला जातोस? ही खोकी हलव आणि खिडकीत टेबल टाक. दिवसभर उजेड आहे. इथे बसून अर्ज कर. लोकांना काय दिसायचं ते दिसू दे. काम गेलंय, अब्रू नाही गेली."

तो पोरगा खाली मान घालून ऐकत होता. आम्ही तिघांनी मिळून खोकी त्यांच्या गॅरेजात नेली. दुसऱ्या दिवसापासून तो खिडकीत बसलेला दिसू लागला. महिनाभरात त्याला नोकरी लागली आणि ती मुलगी पेढे घेऊन आली. तिनं काकांना वाकून नमस्कार केला, आणि महाराष्ट्र मंडळात जो भेटेल त्याला सांगितलं, की फ्रीमाँटच्या काकांचा वास्तूचा अभ्यास फार खोल आहे.

मग फोन सुरू झाले. मिल्पिटस, सनीव्हेल, क्युपर्टिनो. कुणाचं घर विकलं जात नव्हतं, कुणाच्या मुलाला बीजगणितात बी मिळाला होता. काका आधी तावातावानं समजावायचे, की मी वस्तू म्हणालो होतो, वास्तू नाही, एका कान्याचा फरक आहे. लोक हसून म्हणायचे, काका फार साधे आहेत, श्रेय घेत नाहीत. एका कान्यानं माझा घात केला, असं ते वैतागून म्हणायचे. पण पुढे ते जायला लागले, कारण दुसऱ्यांच्या खिडक्या बघायला त्यांना मनापासून आवडायचं. आधीच हौस, त्यात प्रत्येक घरी जिलबी. त्यांचं वास्तुशास्त्र दोन शब्दांचं होतं: खोकी हलवा. आणि खरं सांगायचं तर त्यानं बऱ्याच घरांचं भलंच झालं.

या सगळ्यात ते एक चित्र काही होत नव्हतं. काका दर शनिवारी बसायचे. परीक्षेला बसल्यासारखे बसायचे, म्हणून तो इस्त्रीचा शर्ट. तैलरंग घेऊन ठेवले होते, पण सांगलीहून आणलेले पोस्टर कलरच वापरायचे. चित्र झालं की भिंतीला टेकवून ते लांब जाऊन बघायचे, आणि पाचेक मिनिटांत निकाल लागायचा. तांब्याचं पोट फसलं. कांदा हवेत आहे. टॉवेलाला वजन नाही. मला तर ती चित्रं बघून कांदा सोलावासा वाटायचा. मी कौतुक केलं की ते म्हणायचे, तू टेस्टर ना रे, मग नीट बघ की.

एकदा काका हताश होऊन वर निघून गेल्यावर काकू कपडे घड्या करत होत्या. ते ताजं चित्र भिंतीशी होतं. काकू त्याच्याकडे बघत मला म्हणाल्या, "यांचं चित्र बिघडलं की मला बरं वाटतं रे. घराचे हप्ते आहेत, पोरीचं कॉलेज आहे. आणि बरं वाटलं म्हणून मग रात्रभर वाईट वाटतं." एवढं बोलून त्यांनी घड्यांचा ढीग उचलला आणि त्या वर गेल्या. त्या दोघांचा संसार मला त्या दिवशी पहिल्यांदा नीट समजला.

पुढे माझं लग्न झालं, मी क्युपर्टिनोला राहायला गेलो. सणावारी जाणं-येणं होतं. काकांची मुलगी कॉलेजला गेली, भिंतीशी चित्रं साठत गेली, राजीनामा अजून मनातच होता. तो त्यांनी शब्दन् शब्द तयार केला होता. एकदा त्यांनी मला म्हणून दाखवला. तीन वाक्यांचा होता आणि दुसऱ्या वाक्यात 'मला आता वेगळं काम आहे' असं होतं.

२००८च्या शरदात काकांच्या कंपनीनं आख्खा विभाग बंद केला. त्यात काकांचीही नोकरी गेली.

बातमी मंडळात पसरायला वेळ लागला नाही. दिवाळीच्या कार्यक्रमाला काका-काकू आले नाहीत आणि फराळाच्या रांगेत माझ्यामागे एक गृहस्थ दुसऱ्याला सांगत होते, की आख्ख्या बे एरियाच्या वास्तू बघितल्या, स्वतःच्या घराचा दोष नाही दिसला. लोकां सांगे ब्रह्मज्ञान. त्यांच्या घरची खोकी काकांनी स्वतः उचललेली मला माहीत होती. माझ्या हातात चकलीची प्लेट होती, म्हणून मी गप्प बसलो.

मला वाटत होतं, काकांना वाईट वाटलं तरी एका अर्थी सुटले. आता रोजच शनिवार. पण नोव्हेंबरात काकूंचा फोन आला. म्हणाल्या, "रोज सकाळी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून खाली जातात आणि दार बंद करून बसतात. ट्यूबलाइट परत लावलीय. आणि मला सांगतात, तू माझी गाडी घेऊन जा. म्हणजे अंगणात त्यांची गाडी दिसायला नको, लोकांना वाटावं ते ऑफिसला गेलेत." मग त्या म्हणाल्या, "तू ये एकदा. माझं ऐकत नाहीत."

मंगळवारी सकाळी मी ऑफिसला उशिरा येतो म्हणून कळवलं आणि फ्रीमाँटला गेलो. काकूंनी दार उघडलं आणि नुसतं खाली बोट दाखवलं. गॅरेजात ट्यूबलाइटचा तो पांढरा उजेड. टेबलावर तांब्या, कांदे, सगळं व्यवस्थित मांडलेलं. काका स्टुलावर, मनगटाची बटणं लावलेली, मांडीवर बोर्ड आणि बोर्डावर कोरा कागद. त्यावर एक रेघ नव्हती. निळ्या पट्टीच्या आत जायची सवय नव्हती म्हणून मी पट्टीबाहेरच उभा राहिलो.

मी म्हणालो, काका, काढत का नाही?

"उजेड कुठाय?" ते म्हणाले.

मी म्हणालो, मग दार उघडा की. त्यांनी बोर्डावरचा कागद सरळ केला. मग म्हणाले, दार उघडलं की मी मंगळवारी घरी आहे हे सगळ्यांना दिसतं. मला फार वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की मी चिडतो. मी म्हणालो, त्या दोन घरं सोडून राहणाऱ्या पोराला तुम्ही काय सांगितलं होतं ते आठवतं का? काका म्हणाले, आठवतं, सांगायला काय जातं.

मग बोर्ड बाजूला ठेवून ते म्हणाले, "राजीनामा मी द्यायचा होता रे. इतकी वर्षं तयारी केली. आणि त्यांनी मला एका खोलीत बोलावून दहा मिनिटांत घरी पाठवलं. आता मी इथे बसून काही काढलं तर ते काय ठरणार? काम नाही म्हणून काढतोय. लोक चित्रकार म्हणणार आहेत की बेकार?"

 मला जे सुचत होतं ते सगळं शुभेच्छापत्रावर छापतात तसलं होतं.

जिन्याचं दार उघडून काकू आल्या. पर्स खांद्याला, हातात किल्ल्या. त्या म्हणाल्या, "आज मी माझी गाडी नेतेय."

काकांनी विचारलं, का?

"रोज तुमची सीट पुढे ओढून ओढून कंबर गेली माझी. तुमची गाडी दारात राहील. दिसली तर दिसू दे." एवढं बोलून त्या वळल्या. मग पुन्हा मागे बघून म्हणाल्या, "आणि हप्त्यांचं मी बघते. वर्षभर तरी बघते. तुम्ही माझ्याकडे बघून चित्र बिघडवू नका." पुढचं दार लागल्याचा आवाज आला, मग गाडी सुरू होऊन गेल्याचा.

काकांना याचं नवल वाटलेलं दिसलं नाही. म्हणजे चित्र बिघडल्यावर काकूंना जे बरं वाटायचं ते त्यांना माहीत होतं. कधीपासून, कोण जाणे. मी त्यांच्याकडे बघायचं टाळलं. मग ते उठले, त्यांनी आधी ट्यूबलाइट बंद केली. मिट्ट अंधार झाला, फक्त दाराखालून उजेडाची एक बारीक रेघ येत होती. अंधारात ते भिंत चाचपत गेले आणि त्यांनी बटण दाबलं.

ते दार फार हळू वर जायचं, करकरत. आधी ड्राइव्हवे दिसला, मग काकांच्या गाडीची चाकं, मग समोरची घरं. आणि समोरच्या फुटपाथवरून ती पुण्याची मुलगी, आता तिशी उलटलेली, आपल्या मुलाला शाळेत सोडायला निघालेली. दाराच्या आवाजानं तिनं बघितलं. तिला सगळं माहीत होतं, सगळ्यांनाच माहीत होतं. पण कामाच्या दिवशी माणूस घरी दिसला की आपल्याकडे जे विचारतात, ते तिच्या तोंडून निघून गेलं.

"काका, आज सुट्टी?"

विचारलं आणि तिचा चेहरा पडला. काका दाराच्या बटणापाशीच उभे होते, हात अजून भिंतीवर. दार पुन्हा खाली येतं की काय असं मला वाटलं.

"नाही गं," काका म्हणाले. "कामावर आहे."

तिनं मुलाचं दप्तर सावरलं. मग म्हणाली, "बरं, चालू द्या," आणि मुलाचा हात धरून नेहमीच्या चालीनं पुढे गेली.

काका येऊन स्टुलावर बसले. बोर्ड मांडीवर घेतला, एक डोळा मिटला, हात लांब करून पेन्सिलीनं तांब्याची उंची मोजायला लागले. त्यांनी हात खाली घेतला, मनगट झटकलं आणि पुन्हा मोजायला घेतलं. मी बघत उभा होतो. माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "मध्ये उभा राहू नकोस, उजेड अडतोय. आणि तुला ऑफिस नाही का?"